इंजिनामागून आलेला होकार

३ तारीख, सोमवार

या वहीत फक्त इंजिनाचं लिहायचं, असं नातीनं बजावलंय. कोणता नट खोलला, काय बदललं, तारीख टाकून. म्हणजे म्हातारीला भर पाण्यात आणायचं आणि वर तिचं तोंडही पान्यानं आवळायचं. मी चौथीपर्यंत शिकले, पण हातात वही दिली की मी ती भरणार. नको असेल तर वाचू नये.

बाकी येणं झकास झालं. नातीनं विकत घेतलेली शिडाची जुनी नाव आहे, किनाऱ्यापासून लांब, खाडीच्या मधोमध तरंगत्या बोयाला बांधलेली. छोट्या होडीतून वर चढताना नातीनं मला मागून ढकललं, ट्रकमध्ये गोणी चढवतात तसं. दोघी हसून हसून पडायच्या बेतात होतो. आत दोन बिछाने, एक शेगडी आणि पायऱ्यांखाली इंजिन. दोन सिलिंडरचं, हिरवा रंग, पोपडे सुटलेले. बघितलं आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीचं डिझेल इंजिन तीस वर्षं मीच सांभाळलं. तो फक्त बिघडलं की शिव्या द्यायला यायचा.

नातीनं मला प्रेमापोटी आणलेलं नाही, मापावर आणलंय. इंजिनाच्या मागे नावेच्या पोटात एक बोळ आहे. मागच्या बिछान्याशेजारची फळी काढून, पालथं पडून, डोकं पुढे घालून सरपटत जायचं. आत वळायला जागा नाही, यायचं ते उलट्या पायांनी. नातीचे खांदे अडकतात. मी जाते, मांजरासारखी. लहानपणी पोटभर मिळालं नाही त्याचा हा फायदा.

५ तारीख

टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी निघालं. फिल्टर बदलला. इंजिनानं एअर धरली होती, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकली होती, ती काढली. बोळात पडून मी स्क्रू ढिला करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पंपाची दांडी मारायची. नात वर, चावीपाशी.

गिरणीत आमचा नियम होता, आतल्यानं "फिरव" म्हटल्याशिवाय बाहेरच्यानं हँडलला हात लावायचा नाही. नवऱ्यानं तो एकदाच मोडला. माझी करंगळी तेव्हापासून अर्धी आहे. तोच नियम इथे लावला. नातीनं विचारायचं, "आजी, झालं?" मी म्हणायचं, "फिरव." मग चावी.

पहिल्या झटक्यात सुरू झालं. नात टाळ्या वाजवायला लागली. म्हटलं, टाळ्या नंतर, आधी ऑइलचा काटा बघ.

८ तारीख

पाण्याच्या पंपातलं रबरी चाक फाटलंय. ते काढायला बोळात शिरले. एक हात पट्ट्याच्या आत, दुसऱ्या हातात फडकं, पाना दातांत धरलेला. वरून नातीनं विचारलं, "आजी, झालं?"

मी बोलणार कशी? तोंडात पाना.

"फिरव," असं कुणीतरी म्हणालं.

इंजिन फिरलं. पट्ट्यानं फडकं खेचून नेलं, दोन बोटांची साल गेली. हात आणखी इंचभर आत असता तर आज ही वही नातीला लिहावी लागली असती. बाहेर येऊन तिच्या सात पिढ्या काढल्या. त्यात मी पण येते, ते नंतर लक्षात आलं.

पोर पांढरी पडली होती. म्हणाली, शपथ घेऊन सांगते, तूच म्हणालीस, तुझाच आवाज, फक्त जरा मायेनं. पान्यावर माझ्या दातांच्या खुणा दाखवल्या तिला. दातांत लोखंड धरून बोलणं माझ्या सासूलाही जमलं नसतं, आणि ती झोपेतसुद्धा बोलायची.

९ तारीख

नातीला ही नाव विकणारा किनाऱ्यावरचा मिस्त्री नवं रबरी चाक घेऊन आला. त्याला कालचं सांगितलं. तो नावेवर चढलाच नाही. आपल्या होडीतूनच हात लांब करून चाक दिलं.

म्हणाला, आधीचा मालक एकोणीस वर्षं या नावेत एकटा राहिला. इंजिनाचं काम दोघांचं आणि हा एकटा. मग वरून स्वतःच विचारायचा, झालं का, आणि स्वतःच खाली वाकून सांगायचा, झालं. करमणूक म्हणून. शेवटची दोन वर्षं तो नुसतं विचारायचा. मिस्त्रीनं एकदा म्हटलं, उत्तर द्यायचं सोडलंस का? तर म्हणाला, द्यावं लागत नाही.

मी विचारलं, माहीत होतं तर नाव विकताना तोंड शिवलं होतं का तुझं? तो वल्ही मारत गेला. नात म्हणाली, उद्या किनाऱ्यावर जाऊ. पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलली.

१० तारीख

आमची छोटी होडी नाही. दोर इथेच आहे, तुटलेला नाही, गाठ सोडलेली आहे. नात म्हणते मीच नीट बांधली नसेल. तिची गाठ कधी चुकत नाही. मलाही कळतं, तिलाही.

मोबाइलला इथे रेंज नाही, त्यासाठीही होडीनंच जावं लागायचं. वारा पडलाय, शिडं ओल्या पोत्यासारखी लटकलीत. पाण्याला ओढ इतकी की पोहत जाणं म्हणजे बुडत जाणं. आता किनारा गाठायचा तर इंजिनावरच.

नियम बदलला. नातीला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. आतून आवाज आला तर ओ द्यायची नाही. माझा असला तरी नाही. रडला, ओरडला, तरी फळी उघडायची नाही. मी बाहेर येऊन तिच्या समोर उभी राहीन, तोंडावर सांगीन, तेव्हाच चावी.

जन्मात माझं एक ऐकलं नाही तिनं. हे ऐकलं.

११ तारीख, सकाळ

नवं चाक बसवायला आत आले. कंबरेला वही खोचलीय, खिशात पेन्सिल, कपाळावर बॅटरी. चाक बसलं. स्क्रू आवळले. आता मागे सरकायचं –

पायाला फळी लागली. बंद. बाहेरून खिटी फिरल्याचा आवाज आला.

लाथा मारल्या. हाका मारल्या. वर नात ऐकतेय. नियम पाळतेय. मीच घोकून घेतलाय तो.

जरा वेळानं

केबिनमध्ये पावलं. डावा पाय ओढत. माझी चाल. मी तर इथे –

बोलतेय. माझा आवाज. नात खाली आली. विचारतेय, आजी, लागलं का गं कुठे? माझा आवाज म्हणाला, नाही बाळा.

बाळा. मी हिच्या बापालाही कधी बाळा म्हटलं नाही.

पोर हसतेय. समोर बघून हसतेय. म्हणजे त्याला तोंड आहे. माझंच असणार.

ओरडले. नात म्हणाली, आजी, ऐकलंस, आतून परत तेच. ती म्हणाली, लक्ष देऊ नकोस बाळा, चल.

पायऱ्या वाजल्या. नात वर गेली. चावीपाशी.

मान पट्ट्याला लागलीय. मागे जागा नाही. आवाजाला फसशील म्हणून मी तो नियम केला – पण कागदाचा नियम केलेला नाही. पायऱ्यांखाली वायरींची फट आहे, तिथून पान वर जाईल. बोट जातंय. पोरी, अक्षर बघ. इतकं वाईट अक्षर कुणाला काढता येणार नाही.

वरून विचारलं तिनं, त्या दुसरीला. आजी, झालं?

पोरी, चावीला हात लावू नकोस. आधी तिला विचार, बोळात कोण आहे. मोठ्यानं विचार. उत्तर मी देणार नाही. तूही सुचवू नकोस. उत्तर तिनंच द्यायचं, तुझ्या डोळ्यांत बघून, आणि ती बाळा म्हणाली तर ती मी नाही, मी इथे बोळात