मागितले तेवढे चाळीस

प्रिय सुबोध,

'प्रिय' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. चिडूनच लिहितेय.

काल सिद्धेश टेबल आवरून गेला. आपल्या मुलुंडच्या संस्थेतला अठ्ठेचाळीस मशीनांचा क्लस्टर सहा वर्षं एकट्याने सांभाळणारा माणूस, जाताना मला गणपतीला घरी ये म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. त्याचं कंत्राट गेलं ते तुझ्या एका ईमेलमुळे. सिद्धेशने शेड्यूलर, म्हणजे मशीनं वाटून देणारा प्रोग्रॅम, नीट लावलेला नाही, त्याने तुझ्या एका गणिताला नको तेवढी मशीनं दिली, असं तू बिनदिक्कत लिहिलंस. कंत्राटी माणसाचा खुलासा कुणी वाचलासुद्धा नाही.

शेड्यूलर मनाने काही देत नाही रे. तुझं गणित केवढं आहे हे त्याला कुठून कळणार? आपण स्क्रिप्टमध्ये, त्याला द्यायच्या सूचनांच्या फाइलमध्ये, लिहायचं, इतके नोड, म्हणजे इतकी मशीनं, आणि इतके तास. तो रांग बघतो, तेवढी मोकळी व्हायची वाट पाहतो आणि मागितली तेवढी देतो. तू चाळीस मागितलेस, बहात्तर तासांसाठी. तुझा प्रोग्रॅम चालतो एकाच नोडवर. बाकीचे एकोणचाळीस तीन दिवस रिकामे, अख्खी संस्था उरलेल्या आठांच्या रांगेत, आपल्या शेजारच्या टेबलावरच्या अनिरुद्धचा पुराचा नकाशा मुदतीत गेला नाही, आणि तू मढ बेटावर मित्राच्या बंगल्यात फोन बंद करून पडला होतास. चूक कुणाचीही होते. ती सिद्धेशच्या गळ्यात घालायला मात्र तूच लागतोस.

मीही काही कमी नाही. संचालक अनुपमा मॅडमनी चूक कुणाची असं विचारलं, तेव्हा क्लस्टरच्या नोंदी न उघडताच मला माहीत नाही म्हणाले. आपलं लग्न ठरलं होतं ना. मी साखरपुड्याच्या याद्या करत बसले आणि तिकडे एका माणसाची वाट लागली.

तो गेल्यावर मी त्या नोंदी उघडल्या, तुझी स्क्रिप्टही. पहिल्याच ओळीत माझं नाव. ती माझी स्क्रिप्ट. माझ्या मॉडेलला खरंच चाळीस लागतात. तू मागितलीस, मी पाठवली, आकडा बदल हे सांगायचं राहिलं, आणि तू न वाचता चालवलीस. उद्या अकरा वाजता सगळं छापून मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे, माझ्या नावासकट. लग्न मोडल्याचं आईबाबांना आज सकाळीच सांगितलं. तुला सगळ्यात शेवटी कळवतेय, कारण आधी कळवलं असतं तर तू मला गप्प केलं असतंस, आणि मी झालेही असते.

कालपर्यंत तुझीच,
श्रुतिका