देव आला नव्हता, आबा

आबा, ज्या यात्रेत तुमचा जीव गेला तिच्याबद्दल मी कालपर्यंत घरात तोंड उघडलं नव्हतं.

त्या दुपारी देवळापुढं भंडारा उधळत होते. त्या पिवळ्या धुरळ्यात तुमचा दमा उसळणार हे ठरलेलंच. पण गळ्यातला ढोल सोडाल ते तुम्ही कसले! यवतच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक सांगितलेल्या गोळ्या तुम्ही फुटाण्यासारख्या तोंडात टाकत होता. आई म्हणाली, "अवो, किती खाताय?" तुम्ही खेकसलात, "दम लागतोय तवा न्हाई घ्यायची, तर कवा घ्यायची?" मग तुमचे हात थरथरायला लागले. ओकारी झाली. छातीची धडधड सदऱ्यावरून दिसत होती. आणि लोक ओरडले, "देव आला! देव आला!" आमच्या धनगरवस्तीवर अंगात येणं म्हणजे केवढं भाग्य. आईनं पुढं होऊन तुमच्या कपाळाला भंडारा लावला, पाया पडली. तुम्ही आकडी येऊन पडलात, तरी कुणी जीप आणली नाही. देव शांत व्हायची वाट बघत सगळे हात जोडून बसले. तुम्ही परत उठला नाहीत.

पुढं मी नर्स झाले. शिकताना बाईंनी दम्याच्या गोळ्या जास्त झाल्याची लक्षणं सांगितली, थरथर, उलटी, धडधड, मग आकडी, आणि मला वर्गातून उठून बाहेर जावं लागलं. घरी मात्र बोलले नाही. देवानं नेलं, यावरच आई जगत होती.

काल तुमचा धाकटा कारेगावहून आला. कंपनीत लागलाय, आणि दमाही तुमचाच घेतलाय. चहाची कपबशी त्याच्या हातात खडखडत होती. दोनदा ओकून आला होता. आई हरखली, "बापाचा देव लेकाकडं आला गं!" मी त्याचा खिसा उपसला, तर दोन वेगळ्या नावांची पाकिटं, एक डॉक्टरांनी दिलेलं, एक त्यानंच मेडिकलमधनं आणलेलं. आतलं औषध एकच.

"मेल्या, दोन्ही खातोस?"

"एकानं भागंना, म्हनून."

आई भंडाऱ्याची डबी घेऊन आलीच. मी किंचाळले, "आई, देव न्हाई ह्यो! तवाबी नव्हता! आबांना गोळ्या जास्त झाल्या व्हत्या!" आणि त्याला रिक्षात घालून दौंडला दवाखान्यात आणलं.

तो वाचला, आबा. सलाईन चालू आहे. आई बाहेर बाकावर बसून होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, "मंग म्या भंडारा लावत व्हते, तवा ते मरत व्हते व्हय गं?"

तुम्हाला लिहिलेला हा कागद घरी जायच्या आधी फाडून टाकीन. "न्हाई गं आई," एवढंच म्हणायचं होतं, आबा. माझ्याच्यानं म्हणवलं नाही.