चार नंबरचा मोजा

३ फेब्रुवारी, शनिवार

नवऱ्याचा राजीनामा लिहून झालाय. टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली, मला दिसेल असा ठेवलाय. तारीख तेवढी घालायची बाकी. एकवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढले, आता म्हणे वाइन करून विकणार! दोन वर्षं मागच्या बाथरूममध्ये सहा बरण्या घेऊन बसलाय. तिथे आंघोळ नाही, धुणं नाही. माझ्या टॉवेलांनासुद्धा आंबूस वास.

‘लोकांना आवडली तर जरूर कर,’ मी म्हटलं. ‘पण तुझी आहे हे न सांगता पाजायची. दुकानातल्या चार, त्यांत तुझी एक. लेबलं झाकून.’ वेड्याने मिठीच मारली मला. चांगुलपणानं थोडंच बोलले होते! मी नाही म्हटलं की वाईटपणा माझ्या माथी येतो. लोकांनी तोंडं वाकडी केली की काम होतं आणि मी नामानिराळी राहते.

५ फेब्रुवारी, सोमवार

पाहुणे निवडले. नणंद – तोंडावर बोलणारी. तिचा नवरा, म्हणजे आमचा सर्वज्ञ – दोनदा परदेशी जाऊन आला, तेव्हापासून साधं पाणीही हुंगून पितो. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको. चौघांनाही दुसऱ्याचं काही सहजासहजी आवडत नाही. म्हणून तर बोलावलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच मोजे धुऊन वाळत घातले. त्याचेच, लोकरीचे. बाटली त्यात नवऱ्यापेक्षा नीट उभी राहते.

११ फेब्रुवारी, रविवार

काल झालं एकदाचं. सगळं लिहून ठेवते.

बाटल्यांना मोजे मीच चढवले आणि वर आकडे टाचले. त्याला आत येऊच दिलं नाही. ‘मलाही कळायला नको, मी पाहुण्यांसारखाच बसतो,’ असं तोच म्हणाला होता. त्याची चार नंबरला. मी पिणार नव्हते, वाचणार होते. प्रत्येक ग्लासानंतर एक ओळ लिहायची, खाली नाव नाही, घडी घालून वाडग्यात टाकायची. मध्ये पावाचा तुकडा. चूळ टाकायला मोठं पातेलं.

पहिल्या तीन बाटल्या मजेत गेल्या. दोन नंबरला सर्वज्ञ डोळे मिटून म्हणाला, ‘ओलं लाकूड. आणि मागून जर्दाळू.’ कोपऱ्यावरच्या दुकानातली सगळ्यांत स्वस्त बाटली होती ती. मी मान डोलावली.

मग चार नंबर. डॉक्टरीणबाईंनी ग्लास परत पुढे केला. तो कोणाकडेच बघत नव्हता, हातातला ग्लास नुसता फिरवत होता. त्याला ओळखू आली होती.

मी पहिली चिठ्ठी उघडली. ‘ही कुठे मिळते? बाकीच्या ओतून टाका.’

डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षांचा वास आठवला, तो राजीनामा आठवला. आणि मी वाचलं, ‘औषधाच्या बाटलीत उरलेलं पाणी.’

हशा! नणंदेला तर ठसका लागला.

दुसरी चिठ्ठी डॉक्टरांची, अक्षरावरूनच कळलं. ‘उत्तम. आणखी हवी.’ मी वाचलं, ‘जखम धुवायला बरी.’ सगळ्यांत मोठ्याने डॉक्टरच हसले. तिसरीवर लिहिलं होतं, ‘आजची पहिली.’ मी वाचलं, ‘मोरीला तहान लागली तर हिला द्या.’

कोणीही हूं का चूं केलं नाही. आपली चिठ्ठी हिने गाळली आणि बरं झालं गाळली, असंच प्रत्येकाला वाटलं असणार. एवढे सगळे नाकं मुरडताहेत म्हटल्यावर आवडली म्हणून कोण सांगेल? बावीस वर्षं वर्गात पोरांचे निबंध मोठ्याने वाचतेय. न लिहिलेलंही चेहरा न हलवता वाचता येतं मला.

चौथी, पाचवी तर मी नीट उघडल्यासुद्धा नाहीत. गरजच काय? जिभेला धार आली होती. ‘शेजाऱ्याशी भांडण असेल तर त्याला भेट द्यावी.’ आणि शेवटची, माझी सगळ्यांत आवडती – ‘हे करणाऱ्याला घरात कोणी प्रेमानं थांबवणारं नाही का?’

सर्वज्ञने टाळ्या वाजवल्या. माझा नवराही हसला. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढाच. चिठ्ठ्या मी पातेल्यात टाकल्या. शाई लगेच पसरली.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

१२ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला जायच्या आधी त्याने सहाही बरण्या मोरीत रिकाम्या केल्या. एकेक, सावकाश. मी हात लावायला गेले तर ‘राहू दे’ म्हणाला. मग बाथरूम घासून काढली, राजीनामा फाडला, टाय बांधला. मला सुटल्यासारखं वाटलं. मग थोडी लाज वाटली. मग भूक लागली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

नणंदेचा फोन. ‘वहिनी, ती चार नंबरची कुठून आणली होती गं? खरं सांगू? मला फार आवडली होती. यांनाही. पण सगळेच हसायला लागले, मग आम्हीपण…’

‘ते दुकान बंद झालं,’ मी म्हटलं.

‘आणि दादा का गप्प गप्प असतो?’

‘ऑफिसात काम वाढलंय.’

फोन ठेवल्यावर सांगून टाकावं असं वाटलं त्याला. पण सांगायचं कसं? बरण्या तर रिकाम्या. आता सांगणं म्हणजे नुसतं स्वतःचं मन हलकं करणं. नाही सांगत.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मागच्या बाथरूममध्ये आंघोळ केली. चांगली ऐसपैस आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दोघं कपड्यांच्या घड्या घालत होतो. तो सहज बोलावं तसं म्हणाला, ‘त्या दिवशी चार नंबरला मीपण चिठ्ठी टाकली होती.’

माझे हात थांबले. मी विचारलं, ‘काय लिहिलं होतंस?’

‘तू वाचून दाखवलीस की,’ म्हणाला, आणि पुढचा शर्ट घेतला.