न अडकणारं पिस्तूल

क्लॉडेट,

पुढच्या दाराकडे जाऊ नकोस, ओसरीत रेमी पडलाय. पोलिसांना मीच बोलावलंय.

तुला ओढून न्यायला तुझा नवरा कुऱ्हाड घेऊन आला होता. दार फोडून हसला, "म्हातारे, जपमाळेने मारणार का मला?"

मी स्वस्तातलंच पिस्तूल आणणार होते. दुकानदार म्हणाला, "मावशी, ते दुसऱ्या गोळीला अडकतं. हे वापरलेलंच, पण भारी आहे. दगा देणार नाही." म्हणून हे घेतलं.

पहिल्या गोळीलाच रेमी खाली बसला, हात जोडून रडायला लागला. स्वस्तातलं तिथेच अडकलं असतं. हे रिकामं होईपर्यंत चाललं.

गंबोचा रस्सा चुलीवर आहे. माझी आजची जपमाळ तू ओढ. त्यात रेमीचंही नाव घे.

– आई