मालकाच्या रकान्यात

दि. ३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या कुत्र्याविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र. तपासण्यांसाठी लेकीकडे जाताना, दोनच आठवडे सांभाळ म्हणत तू मुकादमाला माझ्या गळ्यात बांधलंस. त्याच्या खाण्याच्या पाकिटावर एक हसरा कुत्रा छापला आहे. हसरेपणाचा तो गुण आपल्या मुकादमात शोधूनही सापडत नाही. पाकिटामागे वजनानुसार आहाराचं कोष्टक आहे. मी पडलो शास्त्रप्रामाण्यवादी. मुकादमाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो आणि जो आकडा आला त्यासमोरचं माप त्याला वाढलं. त्याने वाढलेल्या त्या डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तासाला विद्यार्थी झोपतात तसा झोपला. अंगणात साळुंक्यांची पंगत उठता उठत नाही.

तपासण्यांत काय निघालं, ते तू लिहिलं नाहीस.

तुझा आज्ञाधारक (पर्याय नसल्याने),
पंडित

दि. ११ मार्च

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

इतकी हसले की लेक घाबरून धावत आली. अरे शहाण्या, त्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं असतं! बारा किलोच्या जिवापुढे नव्वद किलोच्या कुत्र्याचं जेवण मांडलंस, तो बापडा करणार काय? एक वाटी पुरे, कोमट पाण्यात भिजवून. आणि तो खाईपर्यंत शेजारी बसायचं. तुझे मेहुणे गेल्यापासून आम्ही दोघं बरोबरच जेवतो, एकट्याने जेवायची सवय त्याला राहिली नाही.

उपचार जरा लांबलेत. म्हणून लहान पाकिटं आणत बसू नकोस, मोठं पोतंच घे. लशीचं पुस्तक सोबत पाठवते आहे. मालकाच्या रकान्यातलं माझं नाव खोडून तुझं घालून घे, पुढे अडायला नको. लेकीने मला लोकरीची टोपी विणली आहे, ऐन मार्चात! म्हणते, शोभते.

जेवत जा वेळेवर. तूसुद्धा.
ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

वजाबाकी चुकली, मान्य. आता वाटी त्याच्यापुढे आणि मी शेजारी फरशीवर, माझं ताट मांडीवर घेऊन. मुकादम वाटी चाटूनपुसून लख्ख करतो. साळुंक्यांचा मात्र चरितार्थ बुडाला. खिडकीत येऊन मला शुद्ध प्राकृतात शिव्या देतात.

काल त्याला लशीसाठी नेलं. टेबलामागच्या बाईंनी पुस्तक उघडून विचारलं, मालक बदलायचा आहे ना? मी पेन उघडलं. पंचवीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल रेघा ओढल्या, पण तुझ्या नावावर एक ओढवेना. बाईंना म्हणालो, मालकीण परगावी आहे, येईल. मुकादम माझ्याकडे बघत होता. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

ताई, चेष्टा पुरे झाली. भाचीला फोन केला की ती विषय बदलते, आणि तू टोप्यांबद्दल लिहितेस. डॉक्टरांनी काय सांगितलं, ते मला सरळ कळू दे. शनिवारी मुकादमाला घेऊन निघतो आहे. नको म्हणू नकोस. माझ्याआधी जन्मलेलं आपल्या घरातलं आता तुझ्याशिवाय कुणीच उरलेलं नाही, आणि मला फार भीती वाटते आहे.

लोभ आहेच, तो करायला तू राहा.
पंडित