मी सांगताना तुम्ही पाहत होतात

१२ मार्च

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं. गुडघ्याची कुरकुर कमी आहे हे वाचून बरं वाटलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तुम्ही पत्र लिहिता, आणि माझी लेक फोन उचलत नाही म्हणून मी. आपलं दोघींचं बरं जमलं आहे.

माझ्या अक्षराचं कौतुक केलंत, पण ते माझं नाही, कॉन्व्हेंटचं आहे. अक्षर ओळीबाहेर गेलं की आमच्या सिस्टर वहीवर फूटपट्टी टेकवून नुसत्या उभ्या राहत. मारत नसत. त्यांचं उभं राहणंच पुरे व्हायचं. वाचनाच्या तासाला त्यांचं एकच पालुपद असे, "आवाज सरळ ठेव, मुली. रडगाणं नको, नाटक नको." तिथल्या व्हरांड्यात फरशीला मेण लावत. अजून कुठे तो वास आला की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्या सरळ आवाजावरच मला स्टेशनात निवेदिकेची नोकरी लागली आणि सगळं आयुष्य गाड्या येण्याजाण्याचं सांगण्यात गेलं.

आता ती नोकरीही गेली. रेल्वेवाल्यांनी मला काचेच्या खोलीत बसवून सगळी स्थानकं, सगळे आकडे, 'उशिराने', 'रद्द', 'क्षमस्व' असं सुटं सुटं म्हणायला लावलं, ते यंत्रात भरलं आणि मला घरी पाठवलं. म्हणजे मी इकडे भाजी निवडत असते तेव्हा तिकडे स्टेशनात मी बोलत असते. सुरुवातीला विचित्र वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

तर बातमी अशी की मी सुईणीचं काम शिकते आहे. हसून घ्या. शेजारीण तर दारातच म्हणाली, "या वयात लोक नातवंडं खेळवतात, तुम्ही लोकांची पोरं ओढून काढणार?" मी म्हटलं, "ओढायची नसतात, ती येतात. आपण नुसतं वाटेत यायचं नाही." हे वाक्य माझं नव्हे, आमच्या थोरल्या बाईंचं. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यांचं प्रसूतिघर आहे. मी कला शाखेची, नर्सिंगचं एक अक्षर शिकलेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "कागद राहू दे. हात दाखव." उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "थंड आहेत. चोळून घेत जा." झाला प्रवेश. माझ्याबरोबर आणखी एक शिकते, तिचं केस कापायचं दुकान होतं. ती प्रत्येक बाईला आधी वेणी घालून देते. मला तसलं काही येत नाही. मी कपडे उकळते, फरशी पुसते, कळा सोसणाऱ्या बाईला हात देते.

का शिकते, असं तुम्ही विचाराल. वेळ जात नाही.

तुमच्या सुनेला पाचवा लागल्याचं तुमच्या पत्रातून कळलं. मला ठाऊक असणारच, असं धरून तुम्ही सहज लिहून गेलात. मला ठाऊक नव्हतं. पत्राची घडी घातली, भांडी घासली. आनंद व्हायला हवा होता. होईल.

विहीणबाई, त्या वेळी मला तिच्याजवळ असायचं आहे. बाहेरच्या बाकड्यावर नाही, आत. एवढं तिला माझ्या वतीने विचाराल? घाई नाही असं म्हणते खरी.

आपली विहीण

९ मे

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. तुम्ही विचारलंत आणि ती ताट उचलून आत गेली. तिच्या लहानपणीही नकोशा प्रश्नाला तिचं हेच उत्तर असे. दवाखान्यात एकाच माणसाला आत सोडतात हेही कळलं. जावईबापूंचा हक्क पहिला, ते मलाही समजतं. तरी माझं विचारणं मागे घेत नाही.

इकडची हकीकत. मला आता बाईच्या पायाशी उभं राहू देतात. मागच्या आठवड्यात माझ्याकडून मोठा घोळ झाला. आमच्याकडे नियम आहे की मुलगा की मुलगी ते आपण सांगायचं नाही, बाळ आईच्या छातीवर ठेवायचं आणि तिला स्वतः बघू द्यायचं. मी सवयीने खणखणीत जाहीर केलं, "मुलगी झाली आहे." थोरल्या बाई भडकल्या. "हे काय स्टेशन आहे?" त्याच्या आधी तर मी "कृपया जोर लावावा" असंही म्हणून गेले होते. आणि "बाळ येत आहे" म्हटलं तेव्हा ती बाई, घामाने निथळत, दोन कळांच्या मध्ये मला विचारते, "कुठल्या फलाटावर?" केसवाली भिंतीला धरून हसली, ती बाईही हसली, आणि त्या हसण्यातच डोकं बाहेर आलं. मी उभी होते. हसावं असं कळत होतं, पण हसू तोंडापर्यंत पोचलं नाही.

केसवाली प्रत्येक जन्माला रडते. मी नाही. थोरल्या बाई म्हणतात, "रडणारी एक पुरे, तू वार नीट सुटली का बघ." मी बघते. मला नीट बघता येतं.

काल त्यांनी माझ्या हातात लाकडी नळी दिली. एक टोक पोटाला लावायचं, दुसरं कानाला, आणि बाळाचे ठोके ऐकायचे. लगेच ऐकू आले. भराभरा, कुणीतरी जिना उतरत यावं तसे. थोरल्या बाई म्हणाल्या, "मिळाले ना? मग ऊठ." मला उठता येईना. त्या बाईला वाटलं, काही तरी बिघडलं आहे. तिचा चेहरा पाहून मी मोठ्याने म्हटलं, "आहेत. चांगले आहेत." माझ्या त्याच आवाजात. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विश्वास ठेवावा की नाही ते तिला कळेना.

आता लिहितेच. आपण दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. तीन वर्षं नुसती गुडघ्यांची विचारपूस करतो आहोत.

तिच्या मागच्या खेपेला दवाखान्याच्या बोळकंडीत डॉक्टर आले, म्हणाले, ठोके थांबले आहेत, आता काही करता येणार नाही. मग म्हणाले, "तुम्ही आई आहात, तुम्हीच सांगा," आणि निघून गेले. जावईबापू भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी आत गेले, माझ्यामागे तुम्ही. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. तिला माझ्या पावलांवरून कळलं असावं. मी म्हटलं, "बाळाचे ठोके थांबले आहेत. बाळ गेलं आहे." एवढंच. डोळे न उघडता ती म्हणाली, "आई, गाडी रद्द झाल्यासारखं सांगितलंस तू."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मीही काही बोलले नाही. काय बोलणार? आवाज तसाच होता. तेवढा एकच आवाज मला येतो. आत दुसरं काही असेल तर ते बाहेर यायची वाट मला कुणी शिकवली नाही.

तुम्हाला त्या दिवशी माझे शब्द ऐकू आले नसणार. तुमचं कानाचं यंत्र घरी राहिलं होतं, तुम्ही खुणेनेच विचारत होतात. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होतात. म्हणून तुम्हालाच विचारते. मी कशी दिसत होते? मला काही आठवत नाही. पलंगावरची चादर निळी होती, एवढं आठवतं. तुम्हाला जे दिसलं ते लिहा. माझ्यासाठी गोड करू नका. मुलाकडच्या बाजूने आतापर्यंत कधी गोड केलं नाही, आताच कशाला?

आपली विहीण

३ जुलै

प्रिय विहीणबाई,

पत्र मिळालं. तीन दिवस उत्तर लिहायला बसते आणि उठते.

तुम्ही लिहिता, मी पलंगाचा लोखंडी दांडा धरला होता. बोलून झाल्यावरही सोडला नाही. नर्स म्हणाली, "बाई, बाजूला व्हा," तरी मी हलले नाही. शेवटी तिने माझी बोटं एकेक करून उचलली. तुम्ही लिहिता, माझ्या ओठांना रंग नव्हता, आणि तुम्हाला वाटलं आता ही बाई पडणार, म्हणून तुम्ही माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिलात. तुमचा हात माझ्या पाठीवर होता म्हणे.

मला यातलं काही ठाऊक नाही. परक्या बाईची गोष्ट वाचावी तसं वाचलं. मग माझे हात पाहिले. कुठे काही खूण नाही. असायचं कारणही नाही.

आणि तुम्ही हे तिला सांगितलंत. जेवताना, ती ताट उचलायच्या आत, "बस, आज मी बोलणार आणि तू ऐकणार," असं म्हणून. विहीणबाई, माझी तिला असं म्हणायची कधी छाती झाली नाही.

तिने काय विचारलं ते तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. "मला का नाही दिसलं?" आणि तुम्ही म्हणालात, "तुझे डोळे मिटलेले होते, बाळ. मला ऐकू येत नव्हतं. आपण दोघींनी तिला अर्धी अर्धी पाहिली." मग ती पुष्कळ वेळ भाताची शितं गोळा करत राहिली. आणि मग ते वाक्य, "आई सुईणीचं शिकते आहे. मला घाबरवायला की स्वतःला?" ही माझीच पोरगी. टोमणा मारल्याशिवाय तिला मायाच करता येत नाही. इथे मला थोडं हसू आलं. पत्र प्रसूतिघरातच वाचत होते, केसवालीने पाहिलं आणि सगळ्यांना सांगत सुटली.

तिची अट वाचली. जावईबापू बाहेर थांबतील, मी आत. जे असेल ते, चांगलं किंवा वाईट, तिला मीच सांगायचं, माझ्याच आवाजात. बाकीचे सगळे त्या दिवशी कुजबुजत होते, तिला कुजबुज नको आहे. आणि या वेळी ती डोळे मिटणार नाही. 'माफ वगैरे केलेलं नाही असं तिला कळवा,' हेही तिने लिहायला लावलं. कळलं म्हणावं.

थोरल्या बाईंकडे रजा मागायला गेले. त्या म्हणाल्या, "तिथे तू सुईण नाहीस हे लक्षात ठेव. तुझं शिक्षण अजून कच्चं आहे, डॉक्टरांच्या कामात हात घालायचा नाही. तिच्या उशाशी उभी राहा." मी म्हटलं, "बाई, मला भीती वाटते आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आलीस का शुद्धीवर," म्हणाल्या, आणि कपडे उकळायला पाठवलं.

भीती खरीच आहे. परवापासून आहे. जेवण जात नाही, झोपेतून दचकून उठते, नळीतून ऐकलेले सगळ्यांच्या पोटांतले ठोके कानात एकत्र होतात. उद्या तिच्या पोटातले थांबले तर मला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागेल, तिच्या उघड्या डोळ्यांकडे पाहत. मला ते जमेल की नाही, मला माहीत नाही. जमलं नाही तर दांडा धरायलाही मी मोकळी नसेन, तिचा हात माझ्या हातात असेल. तरी मी येते. पुढच्या आठवड्यात निघते आणि दिवस भरेपर्यंत तुमच्याकडे राहते. माझ्यासाठी वेगळी खोली वगैरे करू नका, स्वयंपाकघराजवळची पडवी चालेल.

ती विचारेल की आई काय म्हणाली. तिला काही सांगू नका. जे आहे ते मी येऊन सांगीन.

आपली,
तिची आई