दाराशी रंगवलेली जागा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घे. तुझा दमा कसा आहे? भावोजींना पूर्वीसारखंच कमी ऐकू येत असेल आणि ते पूर्वीसारखेच जास्त बोलत असतील.

इकडे कारखान्यात सगळंच बदललंय. पूर्वी महिनाभर एकाच मापाची झाकणं बनवायचो. आता नव्या मशीन आल्यात; सकाळी पंपाचं झाकण, दुपारी दाराची बिजागरी, गिऱ्हाईक मागेल ते. साचा बदलायला अख्खी पाळी जायची (त्यातली निम्मी पाना शोधण्यात), आता चहा निवायच्या आत मशीन पुन्हा सुरू. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलीय. आकृती रिकामी दिसली की काय हरवलं ते लगेच कळतं. शिवाय प्रत्येकाने प्रत्येकाचं काम शिकायचं, म्हणजे एखादा नसला तरी अडत नाही.

तुझी भावजय गेल्यावर वाटलं, घरातही हेच करावं. सुट्टीच्या दिवशी रंगाचा डबा घेऊन बसलो आणि कढई, पळी, गाळणी, सगळ्यांभोवती पिवळी रेघ मारली. (मीठ आणि साखरेचे डबे एकाच घेराचे निघाले, त्यामुळे चहा कसा झाला ते विचारू नकोस.) मग दाराशी माझ्या चपलांभोवती रेघ ओढली, आणि हाताला लागलेल्या सवयीने शेजारच्या तिच्या चपलांभोवतीही. पुढे लेक आवराआवर करायला आली आणि तिने त्या चपला देऊन टाकल्या. तिचं काही चुकलं नाही. रेघ तेवढी राहिली.

कारखान्याचा नियम असा, की जी वस्तू परत येणार नाही तिची आकृती खरवडून टाकायची. मी ब्लेड घेऊन बसलोही होतो. जमलं नाही गं. निघताना लेक म्हणाली, "बाबा, तिथे निदान छत्री तरी ठेवा." ठेवली नाही. कामावरून आलो की आधी तीच जागा दिसते. फार रडू येतं, ताई. कारखान्यात सगळ्यांची कामं शिकलो, हिचं एकही शिकलो नाही.

बाकी क्षेम. माझी काळजी करू नये, येण्याची तसदी तर मुळीच घेऊ नये.

तुझा धाकटा

ता. क. प्रवासाची दगदग तुला सोसत नाही, म्हणून आग्रह करत नाही.

आणखी ता. क. तुम्ही दोघी एकमेकींच्या चपला घालून बाजारात जायचात, म्हणजे माप एकच. ये ना. आलीस की चपला दाराशी डावीकडे काढ. रेघेच्या आत.